आठव्या महिन्यातल्या दोघी

आदरणीय सिस्टर,

मी वारज्याला राहते, वय २९. चोवीस दिवसांपूर्वी मला जुळ्या मुली झाल्या. दिवस भरले नव्हते, चौतीस आठवडेच झाले होते. दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी दोन दिवसांत चार इंजेक्शनं दिली आणि मग सिझर केलं. थोरली २१५० ग्रॅम, धाकटी १४५०. खासगी हॉस्पिटलचं बिल झेपेना, म्हणून चौथ्या दिवशी धाकटीला सरकारी रुग्णालयात हलवलं. थोरली नवव्या दिवशी घरी आली. धाकटी एकवीस दिवस काचेच्या पेटीत होती, परवा घरी आणली. आता १६२० ग्रॅम आहे.

रात्री झोप लागत नाही, मोबाइलवर वाचत बसते. गरीब देशांतल्या वीस लाख बाळांचा एक अभ्यास सापडला. दिवस अपुरे आणि वजनही कमी असेल तर बाळ दगावण्याचा धोका पंधरा पट, असं त्यात लिहिलंय. तेव्हापासून मी धाकटीचे श्वास मोजते. सासूबाई म्हणतात, सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही. त्यांचा पहिला मुलगा आठव्यातच झाला होता, दुसऱ्या दिवशी गेला. मालिशवाली बाई सोमवारपासून येते म्हणतेय. चुलत सासूबाई सांगतात, तुझं दूध पुरत नाही, डब्याचं चालू कर. बारशासाठी हॉल बघणं सुरू झालंय. आणि मी सातव्या महिन्यापर्यंत रात्रपाळीच्या कॅबने हिंजवडीला जात होते. हे सगळं माझ्यामुळे झालं का?

दोन मुलींची आई

*

अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी कॅलेंडर बघितलं. चोवीसावा दिवस. म्हणून त्याच दुपारी तुला मेसेज टाकला की बाकी सगळं राहू दे, तिसाव्या दिवसाच्या आत धाकटीचे डोळे तपासून घे. तू लगेच विचारलंस, ‘डोळ्यांना काय झालंय? छान टुकूटुकू बघते की.’ तिथेच तर आईबाप फसतात. हा आजार बाहेरून दिसत नाही. बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात शेवटच्या आठवड्यापर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं, त्यातून ऑक्सिजन लावावा लागला, की त्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. डॉक्टर त्याला आरओपी म्हणतात. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतो. उशीर झाला तर मूल कायमचं आंधळं होतं, आणि घरच्यांच्या ते लक्षात येतं चौथ्या-पाचव्या महिन्यात, खुळखुळ्याकडे बघत नाही म्हणून.

आपल्याकडचा नियम असा, की जन्मवजन दोन किलोच्या आत किंवा दिवस चौतीस आठवड्यांच्या आत असतील, तर पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. अगदीच चिमुकली, बाराशे ग्रॅमच्या आतली बाळं असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. धाकटी या नियमात सरळ बसते. थोरली बसत नाही, पण तिला ऑक्सिजन लावला होता का, जंतुसंसर्ग झाला होता का, ते डिस्चार्ज कार्डावर बघ आणि डॉक्टरांनाच विचार. ज्या रुग्णालयातून धाकटीला सोडलं तिथे विचारलंस तर ते सांगतील कुठे जायचं. पुण्यात हडपसरच्या बाजूला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातही ही तपासणी होते. थेंब घालतील, बाळ रडेल, तुझ्या पोटात गोळा येईल. दहा मिनिटांचं काम आहे. ‘पुढच्या तारखेला या’ म्हणाले तर ती तारीख चुकवायची नाही, कारण रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत तपासण्या करत राहावं लागतं.

डोळे तपासायची ही चिठ्ठी घरी येताना तुझ्या हातात पडायला हवी होती. कदाचित पडलीही असेल, त्या कागदांच्या गठ्ठ्यात. मी तीस वर्षं नवजात विभागात सिस्टर होते. घरी जाणाऱ्या आईच्या कानात त्या दिवशी काही शिरत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता तुझे पंधरा पट.

अभ्यास खरा आहे. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या वीस ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या, मिळून वीस लाखांवर बाळं. तू वाचलेला आकडाही बरोबर आहे. पण कोथिंबीर तिप्पट महाग झाली असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारतो, आधी केवढ्याला होती? इथेही तेच विचारायचं. हे पंधरा पट कशाच्या? तर पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाच्या धोक्याच्या. तो धोका मुळात खूपच लहान असतो. लहान आकड्याची पंधरा पट ही काळजी करण्याजोगी गोष्ट आहे, पण तू रात्री तीन वाजता मनात जे चित्र रंगवतेस ते ती नव्हे.

शिवाय त्या एका आकड्यात सगळ्यांना एकाच गोणीत भरलंय. अठ्ठावीस आठवड्यांचं, तळहातावर मावणारं बाळ त्यात आहे आणि तुझी चौतीस आठवड्यांचीही. आणि मोजणी जन्माच्या क्षणापासूनची आहे. पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. तुझी धाकटी तो आठवडा काचेच्या पेटीत काढून, वजन वाढवून, घरी आलीय. जन्माच्या दिवशीचा आकडा तिला आज जसाच्या तसा लावायचा नाही.

मला त्या अभ्यासातलं वेगळंच काहीतरी जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे बाळ झालं की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ आणि दुसरा ‘वजन किती?’ किती आठवड्यांचं, हे विचारतं कोण? पण ‘कमी वजन’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळी बाळं लपलेली असतात. एक लवकर आलेलं, आणि एक पोटात नीट पोसलं न गेल्यामुळे बारीक राहिलेलं. तुझ्या घरी दोन्ही नमुने एकाच दुपट्यात आहेत. थोरली फक्त लवकर आली, चौतीस आठवड्यांच्या मानाने तिचं वजन योग्यच आहे. धाकटी लवकरही आली आणि त्या आठवड्याच्या मानानेही बारीक आहे. जुळ्यांमध्ये वारेतला वाटा नेहमी सारखा होत नाही, एकीला जास्त मिळतं.

या दोघींचे धोके वेगळ्या चालीने चालतात. अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पहिल्या महिन्यात जवळपास सात पट धोका दिसला, आणि महिन्यानंतर वर्षापर्यंत तो अडीच पटीवर उतरला. बारीक राहिलेल्या बाळांचा धोका पहिल्या महिन्यात दुपटीच्याही आत, १.८ पट. पण नंतर? तो उतरलाच नाही, १.९ वर तसाच राहिला. म्हणजे लवकर येण्याचं संकट पहिल्यांदा अंगावर येतं आणि ओसरतं. बारीक असण्याचं संकट गाजावाजा करत नाही, पण मुक्काम ठोकून बसतं. म्हणून धाकटीच्या बाबतीत महिना झाला, सुटलो, असं समजून सैल पडायचं नाही. पण श्वास मोजत रात्र जागवण्यानेही तिला काही मिळत नाही. तिला काय मिळालं पाहिजे ते पुढे सांगते.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक पुण्याचीच गोष्ट. १९९० च्या दशकात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकवून असलेली. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं मोठी निघाली. हे एवढ्यासाठी सांगते की शेजारीण येऊन ‘माझा नातू तीन किलोचा होता’ म्हणाली की तू खचू नकोस, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन धाकटीला सहा महिन्यांत गुटगुटीत करायच्या मागेही लागू नकोस. अशी बाळं पुढे घाईघाईने लठ्ठ झाली की मोठेपणी साखरेच्या आजाराकडे झुकतात, हे याच संशोधनातून पुढे आलंय. ती आपल्या चालीने वाढू दे.

सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. सातमाशी जगतं आणि आठमाशी जगत नाही, हे मी वॉर्डात शेकडो वेळा ऐकलं. आपल्याकडचंच आहे असंही नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांनीही हेच लिहून ठेवलंय. खरं तर पोटात एकेक आठवडा वाढला की बाळ तेवढं पक्कं होतं. फुप्फुसांतले फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आत साबणासारखा एक पदार्थ तयार होतो. चौतीसाव्या आठवड्याच्या सुमाराला तो पुरेसा होऊ लागतो. सातव्यात जन्मलेलं मूल आठव्यातल्यापेक्षा जास्त टिकेल, याला काहीच आधार नाही.

तुला दिलेली ती चार इंजेक्शनं याचसाठी होती. डेक्सामेथासोन म्हणतात, स्वस्तातलं जुनं औषध आहे. आईला दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान या पाच देशांत त्याची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. इंजेक्शन न मिळालेल्या आयांच्या बाळांपैकी महिन्याच्या आत २३.५ टक्के दगावली होती, मिळालेल्यांच्या बाळांपैकी १९.६ टक्के. तुझ्या डॉक्टरांनी कळा आल्या-आल्या ती दिली, दोन दिवस थांबले, मगच सिझर केलं. बिलाबद्दल तुझा राग असेल तो असो, हे काम त्यांनी चोख केलं.

थोरलीबद्दल एक सांगू? ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेचौतीस आठवडे, वजन साधारण २१०० ग्रॅम. हुबेहूब तुझी थोरली. पण त्याची फुप्फुसं उघडेनात. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हजर होते, त्याला प्राणवायूच्या दाबकक्षातसुद्धा ठेवलं, आणि ३९ तासांत तो गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाचा मुलगा. त्या वेळी हवेच्या दाबाने फुप्फुसं उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र नव्हतं, तो साबणासारखा पदार्थ औषध म्हणून मिळत नव्हता. तुझी थोरली नवव्या दिवशी वारज्याला घरी आली.

आणि याच्या उलट टोकाची गोष्ट आपल्याच राज्यातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ झाल्यावर घरी जायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, अंगावरचं दूध सुरू करवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि लगेच औषध द्यायचं. काचेची पेटी नाही, बालरोगतज्ज्ञ नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, ते त्यातूनच वर आलेलं काम आहे. तू आधी खासगीत होतीस, म्हणून तुमच्या भागातल्या आशाताईंच्या वहीत तुझं नाव नसेलही. मिस्टरांना महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात पाठव आणि नाव घालायला सांग. जन्मवजन कमी होतं आणि बाळ नवजात कक्षात होतं, हे आवर्जून सांगायचं.

माझं म्हणणं तुझ्या लक्षात येत असेल. त्या पंधरा पटींतला बराचसा भाग बाळाच्या अंगात नसतो. बाळ बाहेर आल्यावर त्याला काय मिळालं नाही, त्यात असतो. आणि जे मिळायला हवं त्यातलं सगळ्यात मोठं औषध तुझ्या घरात आहे. छाती.

कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवणं, तुला रुग्णालयात दाखवलं असेल. घरी आल्यावर बंद केलंस का? बहुतेक जणी करतात, कारण पाहुणे असतात, लाज वाटते, पाठ दुखते. १९७८-७९ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोता शहरात पेट्या पुरेनात, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. गरिबाघरची सोय म्हणून लोकांनी आधी नाक मुरडलं. मग भारतासह पाच देशांत चाचणी झाली. १००० ते १७९९ ग्रॅमची बाळं, म्हणजे जन्मावेळची तुझी धाकटी. काही बाळांना आधी स्थिर होऊ दिलं आणि मग छातीवर दिलं, काहींना जन्मल्याबरोबर दिलं. पहिल्या गटात महिन्याच्या आत १५.७ टक्के गेली, दुसऱ्यात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, दिवसाला ८ ते २४ तास, आणि शक्य तितक्या लवकर. घरी करून उपयोग होतो का, तर हरियाणातल्या खेड्यांत १५०० ते २२५० ग्रॅमच्या आठ हजारांवर बाळांवर तेही बघून झालं. पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, २०१९ चा निकाल आहे. तुझी धाकटी आज १६२०.

कसं करायचं ते पुन्हा सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. तुझा गाऊन पुढून उघडा. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध, डोकं एका बाजूला वळवलेलं आणि मान किंचित वर, म्हणजे नाक दबणार नाही. पाय बेडकासारखे फाकलेले. वरून जुन्या सुती साडीचा पट्टा बाळाच्या कानाखालपर्यंत घट्ट गुंडाळ, त्यावर तुझं पांघरूण. एकदा घेतलं की तासभर तरी काढायचं नाही. बसून, टेकून, हळूहळू चालतानाही चालतं. अडीच किलोच्या जवळ आलं की बाळच वळवळ करून बाहेर पडायला बघतं, तेव्हा थांबायचं. टाक्यांवर भार येत असेल तर मागे तक्के लावून अर्धवट रेल. आणि मिस्टरांनाही छाती आहे. ते कामावरून आले, हातपाय धुतले, की शर्ट काढून एकीला घेऊ देत. मी वॉर्डात बघितलंय, बाप आधी अवघडतात आणि अर्ध्या तासाने बाळ काढून घेऊ देत नाहीत.

ऊब एवढी महत्त्वाची का, हे आमच्या पोरी-सिस्टरांनाही समजावून द्यावं लागायचं. बारीक बाळाला अंगात साठवण नसते, कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. गार पडलं की असलेली साखर ऊब राखण्यात जाळतं. साखर संपली की चोखायची ताकद जाते, चोखलं नाही की साखर आणखी उतरते. आणि असं बाळ रडत नाही. शहाण्यासारखं पडून राहतं. घरचे म्हणतात, किती गुणी आहे, झोपू द्या. धाकटी दोन तासांवर उठली नाही तर गुणी म्हणू नकोस, उठव. हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट बघ, मग तळपाय. पोट गरम आणि पाय गार, तर लगेच छातीवर. पोटही गार, तर छातीवर घेऊन तसंच रुग्णालयात.

दूध. डब्याचं नको. अपुऱ्या दिवसांच्या आईचं दूध सुरुवातीला वेगळंच असतं, त्यात प्रथिनं जास्त असतात, जणू कुणीतरी आत हिशेब करून पाठवलंय. थोरलीला अंगावर घे, ती जोरात ओढेल आणि त्याने दूध वाढेल. धाकटी ओढता ओढता दमत असेल तर ओढून झाल्यावर दूध पिळून काढ आणि बोंडल्याने पाज. सासूबाईंकडे चांदीचं बोंडलं असेलच, ते माळ्यावरून काढून दर वेळी उकळून घ्या. बाटली नको, ती नीट साफ होत नाही. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास राहतं, उन्हाळ्यात त्याच्या आतच वापर, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेव. रात्रंदिवस दर दोन तासांनी. पुरतं की नाही हे चुलत सासूबाईंना विचारू नकोस, लंगोट सांगतील. दिवसातून सहा-आठ वेळा शू होते ना? आणि वजन आठवड्यातून एकदा, त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर. धाकटीचं दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमच्या हिशेबाने वाढलं की झालं. रोज वजन करू नकोस. वेड लागेल. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले असतील, ते चुकवू नकोस.

मालिशवाली बाईंना धाकटीसाठी दीड-दोन महिने थांबायला सांग. त्यांचा हात सवयीचा असतो, पण दीड किलोच्या बाळाची सवय नसते, आणि उघडं ठेवून चोळण्यात ऊब जाते ती वेगळीच. थोरलीला हलक्या हाताने तेल लावायला डॉक्टरांनी होकार दिला तर चालेल. धुरी, वेखंड, गुटी, मध, सोनं उगाळून, काजळ, नाका-कानात तेल, यातलं काहीही दोघींनाही नको. टाळूवर तेल भरायचं असेल तर थापायचं नाही, एवढंच. बारसं पुढे ढकल. धाकटी अडीच किलोची होऊ दे. पाळण्यात घालून घरच्या घरी नाव ठेवा. साठ माणसांनी गालाला हात लावायची ही वेळ नाही. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे, माझं नाव सांग.

श्वास मोजणं पूर्ण सोडू नकोस, पण घड्याळ लावून मिनिटभर, आणि बाळ शांत असतानाच. साठच्या वर गेले, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, दूध घेत नाही, आचके देतं, अंग गार किंवा तापलेलं, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीतून पू, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याचा खर्च जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. बिलाच्या भीतीने थांबू नकोस.

हिंजवडीच्या कॅबचं काय विचारतेस. जुळी निम्म्याहून अधिक वेळा सदतीस आठवड्यांच्या आतच येतात. पिशवी एक, बाळं दोन. सातव्यापर्यंत नोकरी केलीस आणि चौतीस आठवडे दोघींना आत ठेवलंस.

राहिल्या सासूबाई. तू त्यांचं वाक्य तक्रारीसारखं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत त्यांच्या मुलाचं सांगितलंस. त्या काळी आठव्यातलं बाळ झालं की त्याला आंघोळ घालायचे, सुपात किंवा दुपट्यात गुंडाळून आईपासून लांब ठेवायचे, चीक पिळून टाकायचे, आणि बाळ गार पडायचं. पुढे ‘आठमाशी होतं’ म्हणायचं आणि आईने गप्प बसायचं. मला वाटतं, त्यांना त्या मुलाला नीट हातात घ्यायलाही मिळालं नसेल. विचारून बघ कधीतरी, आज नको. त्यांना ग्रीक वैद्य आणि टक्के ऐकवू नकोस. त्यांना काम दे. दुपारी अकरा ते एक तुला झोपायचंय, तेव्हा धाकटी त्यांच्या छातीवर. छाती आजीची असली तरी चालते, ऊब तेवढीच मिळते. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला सांग, मंगळसूत्र मागे घ्यायला सांग, ब्लाउजची बटणं पुढून उघडून धाकटीला तू स्वतः ठेव आणि साडीचा पट्टा तूच बांध. मागे दोन उशा लाव. मग दोन तास उठता येणार नाही, म्हणून त्याआधी त्यांना चहा करून दे.